शार्कचा फोटो: अंतर त्याला कापू द्या

प्रश्न थोडक्यात असा: पन्नासेक डायव्ह झाले आहेत, हाउसिंगमधला (पाणबंद पेटीतला) मिररलेस कॅमेरा आणि दोन स्ट्रोब (पाण्याखालचे फ्लॅश) आहेत. शार्क दिसतात, पण फोटोत येतं ते निळ्या पाण्यात लांब जाणारं राखाडी शेपूट. जवळ जाणं कितपत सुरक्षित आहे, आणि कॅमेऱ्यात काय चुकतंय?

कॅमेऱ्यात थोडं चुकतंय, ते पुढे येईलच. मूळ अडचण तुमच्या आणि शार्कच्या मधल्या पाण्याची आहे. तीन मीटरवरच्या शार्कवर स्ट्रोब मारला की उजेडाला तीन मीटर जाऊन तीन मीटर परत यावं लागतं. पाणी पहिल्या पाच-सहा मीटरमध्येच लाल रंग गिळून टाकतं, वाटेतला प्रत्येक कण उजेड विस्कटतो, आणि हाती उरतो एक निळसर, धुरकट, सपाट आकार. स्ट्रोबचा खरा उपयोग दीड मीटरच्या आत, आणि मनासारखा फोटो साधारण एका मीटरवरून. लेन्स कितीही महागडी घेतली तरी हे गणित बदलत नाही.

म्हणून माणूस शार्कच्या दिशेने जोरजोरात फिन्स मारू लागतो, आणि तिथेच संधी जाते. पाण्यात तुम्ही कुठल्याही शार्कपेक्षा हळू आहात. पाठलाग केला की तो सहज वळतो, आणि तुम्हाला शेपूट दिसतं. तुमच्या फोटोंमध्ये शेपटंच जास्त आहेत, त्याचं कारण हेच. अंतर शार्कने कापायचं असतं. तुमचं काम त्याला तसं करावंसं वाटेल अशा जागी, अशा पद्धतीने थांबणं. सुरक्षिततेचा नियमही नेमका हाच आहे, त्यामुळे चांगला फोटो आणि सुरक्षित वागणं यांत निवड करावी लागत नाही.

भीतीबद्दल आधी एक आकडा. फ्लोरिडा म्युझियमच्या आंतरराष्ट्रीय नोंदीनुसार २०२४ मध्ये जगभरात माणसाने न डिवचता शार्क चावल्याच्या ४७ घटना झाल्या. त्यांतले बरेचसे लोक लाटांवर खेळणारे किंवा पोहणारे असतात, डायव्हर कमी. पण हा आकडा सरासरी समुद्राचा आहे. आमिष टाकलेल्या पाण्यात कॅमेरा घेऊन एका मीटरवर थांबणाऱ्याने त्याच्या भरवशावर राहू नये. तिथे तुमचं वागणंच मोजलं जातं.

शार्क जवळ येतो तो बहुधा कुतूहलाने. आधी त्याला वास आणि आवाज कळतो, मग अंगाच्या बाजूने जाणाऱ्या संवेदनारेषेने पाण्यातली हालचाल, जवळ आल्यावर डोळे, आणि अगदी शेवटच्या हातभर अंतरात नाकाडावरच्या विद्युतसंवेदी छिद्रांनी विजेचं क्षेत्र. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की क्षीण प्रवाह तयार होतो. हाउसिंग, स्ट्रोबचे आर्म, क्लॅम्प म्हणजे त्याच्यासाठी एक गुणगुणणारी वस्तूच. म्हणून आमिषाच्या डायव्हवर शार्क डोम पोर्टला (लेन्ससमोरच्या घुमटाकार काचेला) नाक लावतात किंवा स्ट्रोब तोंडात धरून पाहतात. त्याला हल्ला समजून घाबरू नका, आणि हाउसिंग मागे खेचून घेऊन रिकामा हातही पुढे करू नका. कॅमेरा तिथेच घट्ट धरा. तुमच्या दोघांमधली सगळ्यात चांगली भिंत तीच आहे.

थांबायचं कसं? रीफवर असाल तर पाठ खडकाकडे, शरीर खाली, आणि तळ मेलेला खडक किंवा वाळू असेल तरच गुडघा टेकवायचा. जिवंत प्रवाळाला हात लावायचा नाही. श्वास संथ आणि लांब. श्वास रोखून बुडबुडे थांबवण्याचा मोह होतो, पण दाबाखालची हवा फुप्फुसात भरून रोखली आणि एखादा मीटर वर तरंगलात तर फुप्फुस फाटू शकतं. बुडबुडे कमी हवे असतील तर उच्छ्वास लांबवा, थांबवू नका. शार्क पहिल्या फेरीत आठ-दहा मीटरवरून जातो. त्या वेळी एकही फोटो काढू नका, सरळ त्याच्यावर नजर आणि कॅमेराही रोखू नका, किंचित तिरके राहा. दुसरी फेरी जवळून होते, तिसरी आणखी जवळून. पहिल्याच फेरीत स्ट्रोबचा लखलखाट केला तर लाजाळू जाती पुन्हा फिरकत नाहीत.

जातीजातीत फरक फार आहे, आणि सरसकट सल्ला इथे कामाचा नाही. फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावाच्या दक्षिण खिंडीत ग्रे रीफ शार्क शेकड्यांनी असतात. ते प्रवाहाकडे तोंड करून जवळपास जागच्या जागी तरंगतात, म्हणून प्रवाह आत येत असताना कडेच्या खाचेत दबून बसलं की ते आपणहून फ्रेममध्ये येतात. कोकोस, माल्पेलो, गॅलापागोस इथले स्कॅलप्ड हॅमरहेड मात्र इतके भित्रे की बुडबुड्यांच्या एका झोताने अख्खा थवा फुटतो. त्यांच्यासाठी क्लीनिंग स्टेशन गाठायचं, म्हणजे बार्बरफिशसारखे छोटे मासे त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपतात ती जागा. खडकाआड बसायचं आणि त्यांना सफाईला येऊ द्यायचं. एकाने पुढे झेप घेतली की सगळ्या गटाची डायव्ह वाया जाते. रीब्रीदरवाल्यांना, म्हणजे सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं, बुडबुडे जवळपास न सोडणारं उपकरण असलेल्यांना, तिथे मोठा फायदा असतो, पण नुसत्या हॅमरहेडसाठी ते शिकू नका; ती स्वतंत्र आणि गंभीर विद्या आहे.

फिलिपिन्समधल्या मालापास्कुआजवळ थ्रेशर शार्क पहाटेच्या अंधूक उजेडात सफाईला वर येतात. त्यांचे डोळे प्रचंड मोठे असतात आणि तिथे फ्लॅशला बंदी आहे, व्हिडिओ लाइटही नको. आयएसओ १६०० ते ३२००, ॲपर्चर एफ/४ ते एफ/५.६, शटर १/१२५, आणि बाजूने दिसणारी लांब शेपटी. रंग निघणारच नाहीत. घरी आल्यावर सरळ कृष्णधवल करा, ती लांब शेपटी त्यातच शोभते.

देवमाशाएवढा व्हेल शार्क ही स्नॉर्केलची गोष्ट. ऑस्ट्रेलियाच्या निंगालूला नियम स्पष्ट आहे: डोकं आणि शरीरापासून ३ मीटर, शेपटीपासून ४ मीटर, एका वेळी पाण्यात जास्तीत जास्त १० जण, फ्लॅश नाही. इतर ठिकाणीही एवढंच अंतर ठेवा, नियम असो वा नसो. बोट त्याच्या वाटेच्या पुढे आणि बाजूला सोडते. उडी न मारता घसरत पाण्यात उतरा, तोंड पाण्यात घालून तो येईपर्यंत थांबा, तो समोर आला की छातीच्या पराच्या रेषेत समांतर पोहा. पुढे येऊन वाट अडवली तर तो सरळ खाली बुडी मारतो आणि मागच्या सगळ्यांचा दिवस जातो. सूर्य तुमच्या पाठीशी, १/२५०, एफ/८, आयएसओ ४००, फिशआय (अतिरुंद कोनाची) लेन्स. बाकी काही लागत नाही.

पांढरा शार्क, म्हणजे ग्रेट व्हाइट, पिंजऱ्यातून. मेक्सिकोचं ग्वादालूप बेट २०२३ च्या जानेवारीपासून या पर्यटनाला बंद आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातली नेपच्यून बेटं चालू आहेत. पिंजऱ्यात चूक एकच होते: चांगल्या कोनासाठी हात कोपरापर्यंत बाहेर जातो. समोरचा शार्क दिसत असतो, खालून येणारा दिसत नाही. डोम गजांच्या रेषेतच ठेवा, आणि हाउसिंगची दोरी मनगटाला नव्हे, पिंजऱ्याला अडकवा.

आता ज्या दोन भेटींबद्दल सगळ्यात जास्त जपायला हवं, त्या टायगर आणि ओशनिक व्हाइटटिपच्या.

टायगर शार्क बहामाच्या टायगर बीचला पाच-सहा मीटर खोल वाळूवर, आमिषाच्या पेटीभोवती येतो. तो संथ असतो, आणि त्या संथपणामुळेच माणूस गाफील होतो. तुम्ही व्ह्यूफाइंडरमध्ये समोरच्या एकाला पाहत असता, दुसरा मागून खांद्याशी आलेला असतो. बडीशी, म्हणजे जोडीच्या डायव्हरशी, आधीच ठरवा: एक जण फोटो काढेल तेव्हा दुसरा फक्त पहारा करेल, आणि पाच-दहा मिनिटांनी पाळी बदलेल. दर दोन-तीन फोटोंनंतर डोळा कॅमेऱ्यावरून काढून पूर्ण गोल पाहायचं. काळे हातमोजे आणि काळं हूड घाला, कारण अंधाऱ्या कपड्यांतून बाहेर आलेला उघडा गोरटेला हात पाण्यात माशाच्या तुकड्यासारखा चमकतो. पिवळे किंवा पांढरे फिन्स, अंगठ्या, चकाकणारी साखळी बोटीवरच ठेवा. आमिषाच्या वासाच्या वाटेत, म्हणजे पेटीच्या प्रवाहाखाली बसू नका. शार्क वास धरत त्या वाटेनेच येतात आणि तुम्ही मध्ये सापडता. शिवाय माशांचे तुकडे सगळे तुमच्या लेन्ससमोरून वाहतात. पेटीच्या बाजूला, प्रवाहाच्या किंचित वरच्या अंगाला बसा. टायगर अगदी अंगावर आला तर हाउसिंग पुढे धरून त्याला बाजूला जाऊ द्या. डोक्यावर तळवा ठेवून त्याला वळवतानाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते प्रशिक्षित गाइडचं काम आहे, नवख्याने करून पाहायचं नाही.

ओशनिक व्हाइटटिपचा खाक्याच वेगळा. तांबड्या समुद्रात ब्रदर्स, डेडालस, एल्फिन्स्टोन इथे ऑक्टोबर ते डिसेंबर तो बऱ्यापैकी दिसतो, बोटींच्या खाली पृष्ठभागाजवळ. मोकळ्या समुद्रात अन्न विरळ, म्हणून भेटलेली प्रत्येक गोष्ट तो तपासतो. रीफ शार्कसारखा लाजत नाही. सरळ येतो, धक्काही देतो, आणि परत येतो. फोटोसाठी हे वरदान. पण त्याच्यासमोर मागे फिरून पळायचं नाही. पाण्यात उभे राहा, तोंड त्याच्याकडे, तो फिरेल तसे तुम्हीही फिरा. आडव्या, लांबट शरीरापेक्षा उभं शरीर त्याला मोठं आणि अनोळखी वाटतं. सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा, गटाने पाठीला पाठ लावून करा. सगळ्यात नाजूक क्षण पृष्ठभागावरचा: डोकं बाहेर, पाय खाली लटकलेले, आणि खाली काय आहे ते दिसत नाही. मुखवटा पाण्यातच ठेवा, शिडी रिकामी होईपर्यंत खाली पाहत राहा, मग फिन्सची खडखड न करता पटकन चढा. आणि बोटीवरून उष्टंखरकटं पाण्यात जात असेल तर उतरूच नका. असा शार्क बोटींशी अन्न जोडून शिकतो आणि त्याचे परिणाम पुढच्या गटाला भोगावे लागतात.

शार्कच्या देहबोलीतली सगळ्यात चांगली अभ्यासलेली खूण ग्रे रीफची. जॉन्सन आणि नेल्सन यांनी १९७३ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं: नाकाड वर, पाठीला कमान, छातीचे पर खाली ताणलेले, आणि डोकं-शेपूट अतिरेकाने दोन्हीकडे हलवत पोहणं, कधी आठच्या आकड्यासारखी गिरकी. हा फोटोसाठीचा नखरा नाही, ताकीद आहे, आणि ती बहुतेक वेळा कोंडीत सापडलेल्या शार्ककडून मिळते. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला तुम्ही, आणि वाट बंद. अशा वेळी स्ट्रोब मारायचा नाही. नजर न काढता सावकाश मागे सरून त्याची बाहेरची वाट मोकळी करा; तुम्ही सरकायचं ते मोकळ्या पाण्याकडे नव्हे, खडकाकडे. ही ताकीद दुर्लक्षिली तर चावा वीजेसारखा येतो. बाकी जातींतही छातीचे पर खाली येणं, संथ पोहणं अचानक झटकेदार होणं, फेऱ्या आखूड होत जाणं, एकाऐवजी दोघे-तिघे दोन्ही बाजूंनी येऊ लागणं, यांतलं काहीही दिसलं की डायव्ह संपली समजा. आणि नर्स शार्क किंवा वॉबेगाँग तळाशी निजलेला दिसला म्हणून त्याच्या शेपटीला हात लावू नका. अशा शांत शार्कचे चावे बहुतेक माणसाने ओढवून घेतलेले असतात.

आता कॅमेरा. जवळ जायचं म्हणजे लेन्स रुंद हवी. शार्क हाताच्या अंतरावर येत असेल तर फिशआय, लाजाळू असेल तर १६-३५ सारखी रेक्टिलिनियर (सरळ रेषा सरळच ठेवणारी). सपाट पोर्टमागे पाण्याच्या अपवर्तनाने वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठी दिसते आणि रुंद कोन जातो. डोम तो कोन परत देतो. पण डोमची एक खोड नीट समजून घ्या. डोमसमोरचं अख्खं दृश्य लेन्सला एका आभासी प्रतिमेसारखं अगदी जवळ दिसतं. क्षितिजापर्यंतचं पाणीसुद्धा डोमच्या त्रिज्येच्या साधारण तिप्पट अंतरावर, म्हणजे दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या डोमला तीसेक सेंटिमीटरवर. लेन्स इतक्या जवळ फोकस होत नसेल तर एकही फोटो धारदार येणार नाही, आणि दोष मात्र हालचालीला दिला जाईल. ही प्रतिमा वक्र असते, म्हणून रेक्टिलिनियर लेन्सला कोपरे धुरकट येतात. एफ/११ पर्यंत बंद करा. फिशआयला एफ/८ पुरतं.

एक्सपोजर ठरवताना आधी स्ट्रोब विसरा. शार्क नसताना रिकाम्या निळ्या पाण्याकडे रोखून ते आवडीचं निळं येईल असं शटर, ॲपर्चर, आयएसओ लावा. साधारण १/१६० ते १/२००, एफ/८, आयएसओ ३२० पासून सुरुवात करा. फोटोत सूर्य येत असेल तर १/२५०, एफ/१३, आयएसओ १००. मात्र आपल्या कॅमेऱ्याच्या सिंक वेगाच्या (फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वाधिक शटर वेगाच्या) वर गेलात तर फ्रेमचा एक पट्टा काळा येतो. मग स्ट्रोब. बहुतेक फोटो मरतात ते इथे. शार्कची पाठ काळपट आणि पोट पांढरं असतं. टीटीएल, म्हणजे स्ट्रोबची शक्ती आपोआप ठरवणारं मापन, मोठ्या निळ्या पार्श्वभूमीला फसतं, जास्त उजेड मारतं आणि पोटाचा पांढरा डाग होतो; तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही. मॅन्युअल ठेवा, एक चतुर्थांश शक्तीपासून सुरू करा, आणि पडद्यावर जळलेले भाग लुकलुकवणारी सूचना चालू ठेवा. पांढऱ्या वाळूवर आणखी कमी करा, कारण वाळू खालून पोटावर उजेड फेकते. कमी शक्तीचा दुसरा फायदा म्हणजे स्ट्रोब लगेच पुन्हा तयार होतो. पूर्ण शक्तीवर दीड-दोन सेकंद लागतात आणि नेमका तोच क्षण निघून जातो.

पांढऱ्या कणांच्या पावसावर उपाय शक्तीचा नाही, जागेचा आहे. स्ट्रोब रुंद, हँडलपासून दोन्ही बाजूंना हात-दीड हात, डोमच्या मागच्या रेषेत, आणि तोंड किंचित बाहेर वळलेलं. शार्कवर उजेडाच्या शंकूची फक्त कड पडली पाहिजे. लेन्ससमोरचं पाणी उजळलं की कण दिसणारच.

फोकस सलग ठेवा, एकच मधला बिंदू. राखाडी सपाट कातडीवर तो भटकतो, म्हणून बिंदू डोळ्यावर किंवा कल्ल्यांच्या फटींवर ठेवा, तिथे काळ्या-पांढऱ्याची कड मिळते. बटण दाबून ठेवून वीस फोटोंची सरबत्ती करू नका, स्ट्रोब दोन-तीनच उजळतील. दाबायचा क्षण निवडा: तो वळू लागतो आणि शरीराला वळण येतं तो. समोरून सरळ येणाऱ्यापेक्षा पाऊण कोनात वळणारा शार्क केव्हाही जिवंत दिसतो. तुम्ही त्याच्या डोळ्याच्या पातळीवर किंवा थोडे खाली असा. वरून काढलेला शार्क तळाच्या गर्दीत विरून जातो. आमिषाला तोंड लावतानाचा फोटो सगळ्यांना हवा असतो, पण त्या क्षणी टायगर, ब्लू, हॅमरहेड पांढरा पडदा डोळ्यावर ओढतात आणि ग्रेट व्हाइट डोळा मागे फिरवतो. फोटोत आंधळं जनावर येतं. त्याच्या अर्धा सेकंद आधी दाबा.

ॲक्शन कॅमेरा वापरणाऱ्यांना एवढंच: त्यात दोन मीटरवरचा शार्कही बोटाएवढा दिसतो. तो मोठा दिसावा म्हणून काठी लांब करून त्याच्या तोंडाशी धरू नका.

आमिषाबद्दल माझं मत. फ्लोरिडाने आपल्या राज्याच्या पाण्यात डायव्हरांसाठी मासे चारण्यावर २००२ पासून बंदी घातली, इतर अनेक ठिकाणी ते राजरोस चालतं, आणि त्यातून शार्क जिवंत ठेवण्याला पैसा मिळतो हेही खरं आहे. पेटीत बंद आमिषाने केवळ वास सोडणारे चालक मला मान्य आहेत. शार्कच्या नाकासमोर मासा नाचवून जबडा उघडवणाऱ्यांकडे जाऊ नका, आणि आमिषावर काढलेला फोटो दाखवताना तसं लिहा.

कॅमेऱ्यामागे माणूस खोली आणि हवा विसरतो, आणि शार्कच्या डायव्हवर खरा अपघात बहुधा असा होतो. हॅमरहेडच्या मागे निळ्यात बघता बघता तीसवरून चाळीस मीटर होतात. ३२ टक्के नायट्रॉक्सची (जादा ऑक्सिजन मिसळलेल्या हवेची) मर्यादा ऑक्सिजनच्या १.४ बार दाबाला ३४ मीटर आहे. त्याखाली आकडी येण्याचा धोका. डायव्ह संगणकाचा खोलीचा अलार्म तिथे लावा आणि संगणक हाउसिंगवर, पडद्याशेजारी बसवा. टाकीतली हवा १०० बार झाली की परतीचा विचार, ७० ला वर.

बोटीवर टूर्निके (रक्तस्राव थांबवायला आवळायचा पट्टा) आहे का, आणि ते कुणाला बांधता येतं, हे निघण्याआधी विचारा. शार्कच्या चाव्यात जीव जातो तो रक्तस्रावाने, आणि उपचार डॉक्टर येण्याआधी सुरू व्हावा लागतो. जखमेवर थेट जोराचा दाब. हातापायाचं रक्त त्याने थांबलं नाही तर जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, टूर्निके रक्त थांबेपर्यंत आवळायचं. वेळ लिहायची आणि रुग्णालयापर्यंत सैल करायचं नाही. माणसाला आडवं, गरम ठेवायचं, प्यायला काही द्यायचं नाही.

शेवटी, दर डायव्हला एक फोटो सौंदर्यासाठी नव्हे तर ओळखीसाठी काढा. व्हेल शार्कच्या डाव्या बाजूचे, कल्ल्यांच्या मागचे आणि छातीच्या पराच्या वरचे ठिपके बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे असतात. २००५ मध्ये संशोधकांनी आकाशातले तारे जुळवण्याची पद्धत या ठिपक्यांना लावली, आणि आज शार्कबुकसारख्या संचात तुमचा फोटो जुन्या नोंदींशी जुळवला जातो. फोटो शरीराला काटकोनात, पूर्ण बाजू दिसेल असा हवा. सोबत तारीख, ठिकाण, अंदाजे लांबी, आणि पोटाखाली नराचे दोन क्लास्पर (जननांगं) दिसले की नाही ते लिहा. इतर जातींत पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेच्या खाचा आणि जुने व्रण टिपा. व्रणांसाठी दोन्ही बाजूंचे फोटो लागतात, कारण एका बाजूचा व्रण दुसऱ्या बाजूने दिसत नाही.